आगमनकाळाचा घरगुती इतिहास

आपल्या समाजाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम देवळाकडे वळतो. (चर्चला आपल्या बोलीत देऊळच म्हणतात, म्हणून मीही येथे तोच शब्द योजतो.) कोणते देऊळ कोणत्या साली उभे राहिले, घंटा कोठून आली, कोणत्या पाद्रींनी शाळा काढली, हे सारे कोठे ना कोठे नोंदलेले असते. बाप्तिस्म्याच्या वहीत जन्म सापडतो, विवाहाच्या वहीत लग्न सापडते. परंतु डिसेंबरच्या थंडीत ओटीवर बसून कोणी गोठ्यासाठी माती मळली, पेंढा कोणी आणून दिला, बाळयेशूची मूर्ती ठेवण्याचा मान घरातल्या कोणत्या मुलाकडे गेला, ह्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. तथापि उत्तर वसईतील आपल्या घराघरांतून नाताळ जो टिकला, तो ह्या नोंद नसलेल्या गोष्टींमुळेच, असे माझे मत आहे. त्या मताची कारणे ह्या लेखात मांडण्याचा विचार आहे.

आधी आगमनकाळाविषयी थोडेसे. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काळ आज आपणास स्वाभाविक वाटतो. पण तो एकाएकी तयार झालेला नाही. पंचवीस डिसेंबर हा प्रभूच्या जन्माचा दिवस म्हणून रोममध्ये इ. स. ३३६ च्या सुमारास पाळला जात होता, असे एका जुन्या रोमन पंचांगावरून दिसते. त्यापूर्वीच्या तयारीचा काळ मात्र पुढे हळूहळू ठरला. पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर येथील बिशप पेर्पेतुस ह्यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला. चार रविवारांची मर्यादा रोममध्ये पडली, ती पोप महान ग्रेगरी ह्यांच्या काळाशी, म्हणजे सहाव्या शतकाच्या अखेरीशी जोडली जाते. जांभळी वस्त्रे, तिसऱ्या रविवारची गुलाबी छटा, १७ डिसेंबरपासून संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हटली जाणारी सात प्राचीन आवाहने, हा सगळा थाट देवळातला.

ह्या साऱ्या व्यवस्थेत एक प्रश्न राहून गेला होता. उपवास हा मोठ्यांचा. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे उपवासाचा नियम वयाची एकवीस वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होता आणि मांस वर्ज्य करण्याचा नियम सात वर्षांपुढील मुलांना. म्हणजे मोठ्यांनी पोट रिकामे ठेवून वाट पाहावी. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाने कशाने वाट पाहावी? त्याला लॅटिन कळत नाही, पश्चात्ताप म्हणजे काय ते उमजत नाही, आणि चार आठवडे तर त्याच्या लेखी एक युग. निरनिराळ्या देशांतील ख्रिस्ती घरांनी ह्या प्रश्नाला जी उत्तरे शोधली, त्यांनाच आज आपण आगमनकाळाचे रिवाज म्हणतो. बहुतेक उत्तरे एकाच जातीची आहेत : मुलाच्या हाती काहीतरी काम द्यावे आणि दिवस मोजण्याचे काहीतरी साधन द्यावे.

आगमनाच्या चक्राचेच उदाहरण घ्या. हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या लावून दर रविवारी एकेक पेटवण्याची ही पद्धत अतिप्राचीन रोमन परंपरा असावी, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखेर्न नावाच्या एका लुथरपंथी धर्मोपदेशकाने १८३३ साली निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला. नाताळ केव्हा येणार, म्हणून मुले रोज विचारीत. तेव्हा त्याने १८३९ साली एका लाकडी चाकावर मेणबत्त्या बसविल्या : दररोजसाठी लहान तांबडी आणि रविवारसाठी मोठी पांढरी. दर संध्याकाळी एक पेटे, आणि न पेटलेल्या किती राहिल्या ते मुले मोजीत. पुढे त्याला हिरवी पाने आली, मेणबत्त्या चारच राहिल्या, आणि कॅथलिकांत हे चक्र १९२५ च्या सुमारास कोलोन शहरातील देवळात आले. म्हणजे ज्याला आपण जुने म्हणतो, ते कॅथलिकांत केवळ शंभर वर्षांचे. आणि ज्याला आपले म्हणतो, ते प्रॉटेस्टंट अनाथ मुलांच्या आश्रमातले. ह्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. जर्मन घरांत तर दारावर खडूने चोवीस रेघा ओढून मुलांना रोज एक पुसू देत. म्युनिकच्या गेऱ्हार्ट लांग ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभी छापील आगमन-दिनदर्शिका काढल्या, त्यांच्या मुळाशी त्याच्या आईने लहानपणी त्याला मोजून दिलेल्या चोवीस मिठाया होत्या, असे सांगतात.

आता आपल्या गोठ्याकडे येऊ. त्याचा उगम सर्वांस ठाऊक आहे. इटलीतील ग्रेच्चो गावी १२२३ च्या नाताळच्या रात्री असिसीच्या संत फ्रान्सिसने गव्हाण मांडली, तीत वाळलेले गवत घातले, खरा बैल आणि खरे गाढव उभे केले, आणि गावकऱ्यांना मशाली घेऊन बोलावले. वसईस ही कथा जवळची का, ते सांगतो. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने २३ डिसेंबर १५३४ रोजी, म्हणजे नाताळला दोन दिवस असताना, तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर येथे आलेल्या आरंभीच्या धर्मोपदेशकांत फ्रान्सिसकन होते. वसई व साष्टी भागात देवळे उभारणारे फादर अंतोनियो दो पोर्तो हे त्यांतले प्रमुख. गव्हाण मांडणाऱ्या संताचेच हे शिष्य. त्यांनी ज्यांना उपदेश केला, ते लोक शेतकरी होते. बैल, गोठा, गव्हाण, पेंढा ह्यांपैकी एकही वस्तू त्यांना समजावून सांगावी लागली नसेल. ग्रेच्चोच्या गावकऱ्यांना संताने जे मुद्दाम दाखविले, ते आपल्या पूर्वजांच्या परसदारी रोजच होते.

पेंढ्याचा आणखी एक उपयोग कॅथलिक घरांत रूढ आहे, आणि तो मला सर्वांत सुंदर वाटतो. पहिल्या रविवारी रिकामी गव्हाण मांडावयाची. मुलाने धाकट्या भावाला खेळणे दिले, आजीला पाणी आणून दिले, राग गिळला, की त्याने पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकावयाची. चोवीस तारखेपर्यंत बाळाची शय्या किती मऊ झाली, ते मुलाच्या हातात. मोठ्यांच्या उपवासाची ही मुलांची आवृत्ती. काड्या मात्र कोणी मोजून दाखवू नयेत. कारण दोन भावंडांत काड्यांची स्पर्धा लागली, म्हणजे ती लबाडीवर येते, हे प्रत्येक आईला ठाऊक असते.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज अंमल संपला. किल्ल्यातील भव्य देवळे ओस पडली. त्यांच्या उघड्या भिंती आजही आपण पाहतो. युरोपीय पाद्री गेले, गोव्याकडील देशी पाद्रींनी गावोगावच्या लोकांची सेवा चालू ठेवली. राजाश्रय गेला, तरी लोक ख्रिस्ती राहिले. इतिहासकार ह्याची राजकीय कारणे देतात आणि ती खरीही असतील. मला येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, ज्या सणाला तोफा, मिरवणुका आणि गव्हर्नर लागतो, तो सण गव्हर्नराबरोबर जातो. ज्याला पेंढा, माती नि घरातली मुले पुरतात, त्याला कोणत्या राज्याचे निशाण किल्ल्यावर आहे ह्याने फारसे अंतर पडत नाही.

भाषेची कथाही अशीच आहे. देवळातील मिस्सा लॅटिन होता, आणि तो १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत लॅटिनच राहिला. लोकभाषेला उपासनेत वाट करून देणारा व्हॅटिकन परिषदेचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी, म्हणजे ऐन आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात, प्रसिद्ध झाला, हा एक सुखद योगायोग. पण त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी, १६१६ साली, गोव्यातील रायतूर येथे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले होते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ. प्रभूच्या जन्माची कथा त्यात ओवीत आहे. ओवी म्हणजे जात्यावरचा छंद, आईच्या तोंडचा छंद. पुण्याच्या शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ साली हे पुराण देवनागरीत प्रसिद्ध केले, तेव्हा मराठी वाचकाला ते पुन्हा हाती आले. आपल्या वसईच्या घरांत ती कथा आजीच्या तोंडून, आपल्या सामवेदी बोलीत ऐकू येई. देवळात जे कानांना केवळ गंभीर वाटे, ते घरात अंथरुणावर कळे. आता परिस्थिती उलटली आहे : देवळात मराठी आली, आणि घरात मुलांशी इंग्रजी बोलण्याचा प्रघात वाढला. आपल्याच भूमीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी 'सुबोध बायबल' मराठीस दिले, त्यास २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार लाभला, आणि २०२० साली ते उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांचे बायबल पुष्कळ घरांत आहे. चोवीस तारखेच्या संध्याकाळी त्यातील लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय घरातल्या मोठ्या मुलाने मोठ्याने वाचावा, ह्याहून सोपा घरगुती विधी मला सुचत नाही.

रुजवणीचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता. कारण तो माझ्या आवडीचा आहे. नाताळाच्या दहा-बारा दिवस आधी मुले एखाद्या ताटलीत किंवा फुटक्या कुंडीत माती पसरून नाचणी अथवा गहू पेरतात. रोज पाणी शिंपडावयाचे, ऊन जपावयाचे, चिमणीपासून राखावयाचे. नाताळपर्यंत बोटभर हिरवळ उगवते आणि तीच गोठ्यासमोरचे शेत होते. गोव्यात हा मुलांचा ठरलेला उद्योग आहे, आणि मुंबई-वसईकडील घरांतही तो आहे. पुष्कळांना वाटते की ही नवरात्रातील घटस्थापनेची नक्कल. साम्य उघड आहे, आणि शेजारधर्माने एकमेकांचे पाहून हात शिकत असतात, हेही मान्य. पण आता नकाशावर दूर पाहा. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, घरोघर बशीत गहू पेरतात, आणि तो दाट उगवला तर वर्ष चांगले जाईल असे मानतात. क्रोएशियात हीच पेरणी १३ डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी होते, आणि त्या हिरव्या गव्हाच्या मध्यभागी मेणबत्ती लावतात. पोर्तुगालच्या दक्षिण भागात बाळयेशूच्या मूर्तीभोवती अशाच कोवळ्या गव्हाच्या वाट्या मांडतात. ह्या लोकांनी घटस्थापना पाहिली नव्हती. जेथे जेथे शेतकरी आहे, तेथे तेथे त्याला वाटले की देव घरी यावयाचा, तर त्याच्यासमोर काहीतरी उगवते असावे. आमच्या ताटलीतली नाचणी हिंदूंची की पोर्तुगीजांची, हा वाद म्हणूनच मला निरर्थक वाटतो. ती कुणब्याची आहे.

शिवाय पाहा, वाट पाहणे म्हणजे काय, हे मुलाला शिकविण्याची ह्याहून चांगली युक्ती नाही. बी रुजते ते आपल्या घाईने नव्हे. तिसऱ्या दिवशी बोटाने माती उकरून पाहणाऱ्या मुलाचे कोंब मोडतात. पाणी अधिक घातले तर दाणे कुजतात. आगमनकाळावरील प्रवचनात जे अर्ध्या तासात सांगितले जाते, ते ताटली दहा दिवसांत सांगते.

चांदणीविषयी फार लिहीत नाही. बांबूच्या कामट्या सोलून, सुतळीने बांधून, घरी शिजविलेल्या खळीने पतंगी कागद चिकटवून केलेली पंचकोनी चांदणी आणि दिवाळीचा आकाशकंदील ही एकाच कारागिराची दोन अपत्ये. दिवाळी नि नाताळ ह्यांत महिना-दोन महिन्यांचे अंतर. उरलेल्या कामट्या इकडून तिकडे जात. कंदिलाच्या आत पूर्वी तेलाचा दिवा असे, म्हणून वारा सुटला की मुले जागी राहून पहारा करीत. विजेने तो पहारा संपविला.

फराळाकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही. कुलकुल हा पदार्थ मुलांच्या बोटांसाठीच निर्माण झाला असावा. पिठाची लहानशी गोळी फणीच्या किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली, की शिंपल्यासारखा आकार होतो. गोव्यात त्याला किड्यो म्हणतात, आणि ते नाव ऐकून मुले हसल्यावाचून राहत नाहीत. एका घराचे कुलकुल करावयाचे, तर शेकडो गोळ्या वळाव्या लागतात. तेथे आई एकटी काय करणार? म्हणून सगळे घर घडवंचीभोवती बसे. नेवऱ्या, केक, पेरूची वडी ह्यांचे तसे नाही. ती कुशल हातांची कामे. गोव्यात शेजाऱ्यांकडे धाडावयाच्या ह्या गोड पदार्थांना कोंसुआद म्हणतात आणि मंगळुरात कुस्वार. दोहोंचे मूळ पोर्तुगीज 'कोंसोआदा' हा शब्द, ज्याचा अर्थ नाताळच्या पूर्वरात्रीचे भोजन असा आहे. म्हणजे पोर्तुगीजांनी जे घरात बसून खाल्ले, ते आपल्या किनाऱ्यावर आल्यावर ताटात भरून शेजारी गेले. दिवाळीस शेजारचे ताट आपल्याकडे आले होते; ते रिकामे कसे परत करावे? ताट पोहोचविण्याचे कामही मुलांचेच.

ह्या फराळाला एक अट होती, आणि तीच पुढे विसरली गेली. २४ डिसेंबर हा नाताळचा पूर्वदिन उपवासाचा आणि मांसवर्जनाचा होता. १९६६ साली पोप सहावे पॉल ह्यांनी उपवासाचे नियम नव्याने आखले, तोवर तो तसाच होता. म्हणजे घरात तळणाचा वास, डबे भरलेले, आणि घरातली मोठी माणसे उपाशी. मुलांवर उपवासाचे बंधन नव्हते. पण मोठे खात नाहीत हे पाहून त्यांचाही हात डब्याशी जाताना थबके. आज नियम उठला, हे धर्मशास्त्रदृष्ट्या योग्यच. तथापि पहिल्या डिसेंबरपासून केक खात सुटलेल्या मुलास पंचवीस तारखेस काय नवे उरते, असा प्रश्न मनात येतो.

मग मध्यरात्र. पोर्तुगीज भाषेत ह्या मिस्साला कोंबड्याचा मिस्सा म्हणतात. देवळास निघेपर्यंत घरच्या गोठ्यात मरिया आणि योसेफ असत, मेंढपाळ असत, पण गव्हाण रिकामी. बाळाची मूर्ती कापसात गुंडाळून कपाटात. मिस्सा होऊन घरी आल्यावर घरातल्या सर्वांत धाकट्या, झोपेने डोळे मिटत असलेल्या मुलाच्या हातून ती गव्हाणीत ठेवावयाची, असा अनेक घरांचा रिवाज. पोप फ्रान्सिस ह्यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चो येथेच सही केलेल्या पत्रात घराघरांतून गोठा मांडण्याचा आग्रह धरला. पण आपल्या घरांना त्या पत्राची वाट पाहावी लागली नव्हती.

आता अडचणीचे बोलतो. गोठ्याला लागणारी प्रत्येक वस्तू आपल्या वाडीत मिळे, ही गोष्ट आज खरी राहिलेली नाही. भाताची खाचरे बुजली, पानवेली आणि केळीच्या वाड्या आक्रसल्या, आगाशीच्या सुकेळ्यांसाठी राजेळी केळी लावणारे हात कमी झाले. वसईची हिरवाई राखण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात मोठे आंदोलन झाले. त्याने काही वाचले, सगळे वाचले नाही. २००९ साली महानगरपालिका आली. बैल गेले, त्यांच्याबरोबर पेंढा गेला. बाजारात तयार गोठा मिळतो, त्यात प्लॅस्टिकचे गवत असते; विजेची चांदणी मिळते; कुलकुलही किलोवर मिळतात. नोकरीसाठी पहाटेची लोकल गाठणाऱ्या आईस मी हे विकत आणू नये, असे सांगणार नाही; तसे सांगणारा पुरुष स्वतः किती गोळ्या वळतो, ते आधी पाहिले पाहिजे. परंतु सबंध गोठा विकत आणला, तर मुलाच्या हाती काय राहते? पाहणे राहते. ज्या रिवाजांचा इतिहास वर सांगितला, त्यांतील एकही रिवाज मुलाने नुसते पाहावे म्हणून जन्मलेला नाही. मूर्ती विकतच्या असोत. पेंढा घातला की पुरे. तो मिळत नसेल, तर केळीची वाळलेली पाने चालतील, बुट्टीतली सुकी पाती चालेल. बैल ओळखता न येणारा मातीचा बैल मुलाने केला असेल, तर तो विकतच्या बैलाच्या शेजारी उभा करावा. आपल्या मंडळाच्या गोठेस्पर्धेत, विजेचे धबधबे करणाऱ्या गोठ्यांना बक्षिसे जरूर द्यावीत. मात्र बारा वर्षांखालील मुलांनी स्वतः केलेल्या गोठ्यांचा निराळा विभाग ठेवावा, अशी माझी कार्यकारिणीला नम्र सूचना आहे, आणि तीत वडीलधाऱ्यांची मदत आढळल्यास गुण कापावेत.

गोठा किती दिवस ठेवावयाचा, ह्याविषयी घराघरांत मतभेद असतात. जुना नियम ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत तरी ठेवावा असा. आता भारतात तो सण जवळच्या रविवारी येतो. तोवर मुले उंटावरचे राजे रोज बोटभर पुढे सरकवीत असतात. खिडकीच्या चौकटीपासून निघालेले राजे गव्हाणीपाशी पोहोचले, की सण संपला. त्या दिवशी मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत जातात, कामट्या माळ्यावर जातात. ताटलीतील नाचणी तोपर्यंत पिवळी पडून आडवी झालेली असते. ती फेकावयाची नाही. परसातल्या केळीच्या बुंध्याशी मातीसकट उपडी करावयाची, आणि तेही काम मुलांचेच.